नावाशिवायची कसोटी : डॉ. जयंत नारळीकर यांच्या लेखनातून व कार्यातून दिसणारे विज्ञानाचे स्वरूप

प्रस्तावना

विज्ञान आणि समाज हा विषय निघाला की मराठीत प्रामुख्याने दोन प्रकारचे विवेचन आढळते. पहिल्या प्रकारात वीज, लस, संकरित बियाणे, संगणक, मोबाइल यांची यादी देऊन विज्ञान हे वरदान आहे असे सांगितले जाते. दुसऱ्या प्रकारात अणुबॉम्ब, प्रदूषण, यंत्रांमुळे येणारी बेकारी यांची यादी देऊन ते शाप ठरत आहे असे म्हटले जाते. शालेय निबंधापासून चर्चासत्रातील शोधनिबंधापर्यंत ही मांडणी टिकून आहे. दोन्ही प्रकारांत विज्ञान म्हणजे विज्ञानाची फळे असे गृहीत धरलेले असते. ही फळे ज्या पद्धतीने हाती येतात ती पद्धत मात्र विवेचनाच्या बाहेरच राहते. परिणामी फळांचा उपयोग करणारा समाज आपोआप वैज्ञानिक झाला, अशी एक सोयीची समजूत रूढ होते. संगणकावर कुंडली काढून घेणारा समाज ही समजूत रोज खोटी ठरवत असतो.

डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांचे लेखन व कार्य या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे. खगोलशास्त्रज्ञ, मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणारे लेखक, पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचे संस्थापक-संचालक आणि अंधश्रद्धेचे चिकित्सक अशा चार भूमिकांतून महाराष्ट्राला ते परिचित आहेत. या चार भूमिकांचे कौतुक बहुधा स्वतंत्रपणे केले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्यामागील एका समान सूत्राचा शोध घेतला आहे. एखाद्या विधानाची सत्यता ते करणाऱ्याच्या नावावरून ठरू नये, तर ते कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल हे आधीच सांगून त्याची परीक्षा व्हावी, हे ते सूत्र होय. हे सूत्र नारळीकरांच्या कथेत, संशोधनात व सामाजिक कार्यात कसे प्रकटले आणि समाजाने ते कितपत स्वीकारले, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. टोपणनावाने पाठवलेली कथा

नारळीकरांच्या विज्ञानकथालेखनाचा प्रारंभ सर्वश्रुत आहे. मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन त्यांनी हे नाव तयार केले होते. कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. त्यानंतर लेखकाची खरी ओळख पुढे आली.

हा प्रसंग चरित्रलेखांतून एक गमतीदार आठवण म्हणून सांगितला जातो. परंतु त्याचे महत्त्व गमतीपुरते मर्यादित नाही. १९७२ मध्ये केंब्रिजहून भारतात परतलेले नारळीकर तेव्हा देशभर प्रसिद्ध होते. त्यांच्या नावाने आलेल्या कथेचे मूल्यमापन करताना परीक्षकांच्या मनावर त्या नावाचे दडपण येणे स्वाभाविक होते. टोपणनावामुळे ते दडपण दूर झाले आणि कथेला केवळ कथा म्हणून उभे राहावे लागले. नवीन औषधाची चाचणी घेताना कोणाला औषध व कोणाला निरुपद्रवी गोळी दिली हे रुग्णापासून व डॉक्टरपासून लपवले जाते, ते याच कारणाने. माहिती लपवण्याचा हेतू फसवणूक हा नसून पूर्वग्रहाला वाव न देणे हा असतो. वैद्यकात व संख्याशास्त्रात रुळलेली ही रीत नारळीकरांनी स्वतःच्या साहित्यिक पदार्पणाला लावून घेतली, असे म्हणता येईल.

२. फाटलेले पान

'यक्षांची देणगी' या संग्रहातील 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही नारळीकरांची बहुचर्चित कथा. तिचे इंग्रजी रूप 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ती महाराष्ट्राबाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचली. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका अपघातानंतर वेगळ्याच जगात जाऊन पोहोचतात. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या तिसऱ्या लढाईत त्या जगात मराठे विजयी झालेले आहेत. तेथील मुंबईवर अद्याप ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. गंगाधरपंत ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळतात आणि दोन इतिहासांच्या वाटा नेमक्या कोठे वेगळ्या झाल्या याचा शोध घेतात. विश्वासरावांना गोळी लागली की ती कानाजवळून निघून गेली, या एका तपशिलावर सारे येऊन थांबते.

समीक्षकांनी या कथेतील कल्पकतेची योग्य ती दखल घेतली आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिच्यातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली गोष्ट पुराव्याची. परत आलेल्या गंगाधरपंतांचा अनुभव त्यांचा मित्र राजेंद्र प्रथम कल्पनेचा खेळ म्हणून बाजूला ठेवतो. गंगाधरपंतांची विद्वत्ता, वय, प्रतिष्ठा यांपैकी कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. खिशात राहून गेलेले बखरीचे फाटके पान समोर येते, तेव्हा मात्र त्याला आपले मत बदलावे लागते. मत बदलण्याचा हा क्षणच कथेतील खरा वैज्ञानिक क्षण आहे. त्यानंतर येणारा पुंजवादाचा व 'कॅटॅस्ट्रॉफी' सिद्धान्ताचा आधार वाचकाला पटला नाही तरी या क्षणाचे मोल कमी होत नाही.

दुसरी गोष्ट अध्यक्षपदाची. ९९९ सभांचे अध्यक्षस्थान भूषवलेले गंगाधरपंत आझाद मैदानावरील एका सभेत रिकामी खुर्ची पाहून सवयीने व्यासपीठावर चढतात. त्या जगात अध्यक्षाची प्रथाच उरलेली नाही. लोकांना वक्त्याचे म्हणणे थेट ऐकायचे आहे. अध्यक्षाची आवश्यकता पटवून देऊ पाहणाऱ्या गंगाधरपंतांना श्रोते अक्षरशः पिटाळून लावतात. महाराष्ट्रातील सभासंस्कृतीची ही थट्टा तर आहेच. त्याखेरीज केवळ पदामुळे मिळणाऱ्या अधिकारावरील टीका म्हणूनही हा प्रसंग वाचता येतो. ज्या जगात गंगाधरपंतांच्या खुर्चीला किंमत नाही त्याच जगातून आणलेल्या कागदाच्या तुकड्याला आपल्या जगात किंमत येते, ही कथेची रचना अर्थपूर्ण आहे.

कथेच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. एकच फाटके पान, तेही एकाच व्यक्तीने आणलेले आणि पुन्हा मिळवता न येणारे, हा पुरावा प्रत्यक्ष विज्ञानात मान्य होणार नाही. शिवाय कथेच्या उत्तरार्धात राजेंद्र समजावून सांगतो आणि गंगाधरपंत ऐकतात. शंका विचारणारा शेवटी श्रोता होतो. नारळीकरांच्या अन्य काही कथांतही वैज्ञानिक पात्राच्या तोंडी येणारे स्पष्टीकरण हे कथेचा शेवटचा शब्द ठरते. अध्यक्षाची खुर्ची रिकामी केल्यावर तेथे नकळत वैज्ञानिकाला बसवले जाण्याचा धोका यात आहे. विज्ञानाला नवी आप्तवाक्ये मानणाऱ्या वाचकाला अशा शेवटामुळे बळ मिळते.

३. अल्पमतातील वैज्ञानिक

नारळीकरांच्या संशोधनाचा विचार केल्यास हा धोका टळण्यास मदत होते. विश्वाची उत्पत्ती महास्फोटातून झाली हा सिद्धान्त आज बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना मान्य आहे. नारळीकर आयुष्यभर या बहुसंख्येच्या बाहेर राहिले. त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉयल आणि हर्मन बाँडी व थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला होता. विश्व प्रसरण पावत असले तरी नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याचे एकूण रूप बदलत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. या सिद्धान्ताचे वैशिष्ट्य असे की तो कशाने खोटा ठरेल हे त्यातच स्पष्ट होते. दूरचे, म्हणजेच भूतकाळातले, विश्व आजच्या विश्वापेक्षा वेगळे आढळले की सिद्धान्त अडचणीत येणार होता. मार्टिन राइल यांच्या रेडिओ-स्रोतांच्या मोजणीतून तशी अडचण पुढे आली आणि १९६१ मध्ये तरुण नारळीकरांना लंडनमधील रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत तिला उत्तर द्यावे लागले. १९६५ मध्ये आर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन यांनी वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर केला. त्यानंतर स्थिर स्थितीचा सिद्धान्त मूळ स्वरूपात टिकवणे कठीण झाले.

हॉयल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांनी १९९३ मध्ये 'स्थिरवत् स्थिती' या नावाने ओळखली जाणारी सुधारित मांडणी केली. तिलाही व्यापक मान्यता मिळाली नाही. निरीक्षणे विरोधात जात असताना सिद्धान्तात अशी दुरुस्ती कोठवर करत राहावी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. कार्ल पॉपर यांच्या मते वैज्ञानिक विधान खोटे ठरवण्याजोगे असले पाहिजे. थॉमस कून यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की प्रत्यक्षात वैज्ञानिक आपली चौकट सहजासहजी सोडत नाहीत. नारळीकरांच्या वाटचालीत या दोन्ही निरीक्षणांचा प्रत्यय येतो. त्यांनी आपली मांडणी दीर्घकाळ सोडली नाही, यावर टीका होऊ शकते. मात्र ती मांडणी त्यांनी नियतकालिकांच्या तज्ज्ञ-परीक्षणातून, समीकरणांच्या भाषेत आणि निरीक्षणांशी ताडून पाहता येईल अशा स्वरूपातच केली. बहुमत आपल्या बाजूने नाही म्हणून त्यांनी परीक्षेचे नियमच पक्षपाती आहेत असे म्हटले नाही.

वैज्ञानिक आणि अवैज्ञानिक यांतील सीमारेषा बहुमत व अल्पमत यांच्यामधून जात नाही, हे यातून स्पष्ट होते. महाविद्यालयीन अध्यापनात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. 'वैज्ञानिकांनी मान्य केले आहे' एवढ्यावर ज्योतिषाचा प्रतिवाद करणारा शिक्षक विद्यार्थ्याला केवळ एक अधिकार सोडून दुसरा स्वीकारण्यास सांगत असतो. नारळीकरांचा ज्योतिषावरील आक्षेप या प्रकारचा नव्हता, हे पुढील उदाहरणावरून दिसून येते.

४. कुंडलीची चाचणी

फेब्रुवारी २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून 'ज्योतिर्विज्ञान' विभाग सुरू करण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. अनेक वैज्ञानिकांनी त्यास विरोध केला. जीवशास्त्रज्ञ पी. एम. भार्गव व अन्य व्यक्ती न्यायालयात गेल्या. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. अभ्यासक्रमाविषयीच्या शैक्षणिक निर्णयात न्यायालयाने हस्तक्षेप करणे योग्य नाही, अशी भूमिका त्यामागे होती. याचा अर्थ ज्योतिष हे शास्त्र आहे की नाही, हा प्रश्न पुन्हा अभ्यासकांच्याच अंगणात येऊन पडला.

२००८ मध्ये पुण्यात नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी या प्रश्नाला चाचणीचे रूप दिले. कुंडलीवरून व्यक्तीची बौद्धिक क्षमता सांगता येते, या दाव्याची त्यासाठी निवड करण्यात आली. शाळेत हुशार म्हणून गणल्या गेलेल्या १०० मुलांच्या आणि विशेष शाळांतील बौद्धिक अक्षमता असलेल्या १०० मुलांच्या जन्मवेळांवरून २०० कुंडल्या तयार केल्या गेल्या. मुलांची नावे व ओळख गुप्त ठेवण्यात आली. सहभागी ज्योतिषाकडे त्यांपैकी ४० कुंडल्या पाठवल्या जात आणि प्रत्येक कुंडली कोणत्या गटातील मुलाची आहे एवढेच त्याने सांगावे, अशी अपेक्षा होती. ५१ ज्योतिषांनी तयारी दर्शवली आणि २७ जणांनी उत्तरे परत पाठवली. चाचणीचा निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सर्वाधिक यश मिळवणाऱ्या ज्योतिषाची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर आली. एकंदर सरासरी निम्म्याहूनही खाली राहिली. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

या आकड्यांचा अर्थ लावताना संख्याशास्त्राची थोडी मदत घ्यावी लागते. नाणे ४० वेळा उडवले असता छापा सुमारे २० वेळा पडेल. परंतु तो १४ पासून २६ पर्यंत कितीही वेळा पडला तरी त्यात आश्चर्य नाही. २७ जणांनी आपापले नाणे ४० वेळा उडवले, तर त्यांच्यापैकी एखाद्याला २४ किंवा अधिक छापे मिळण्याची शक्यता खूप मोठी आहे. चाचणीत २४ गुण मिळवणारा ज्योतिषी म्हणजे असा एखादा नाणे उडवणारा होय. चाचणीबाहेरच्या जगात मात्र तोच ज्योतिषी 'ज्याचे भविष्य खरे ठरते' म्हणून प्रसिद्धीस येतो. त्याच्याकडे रांग लागते आणि उरलेल्या २६ जणांची आठवण कोणी ठेवत नाही. ज्योतिषावरील विश्वास कसा निर्माण होतो, याचे स्पष्टीकरण या एका आकड्यात दडलेले आहे. विश्वास ठेवणारे लोक मूर्ख नसतात. त्यांच्यापुढे केवळ यशाची उदाहरणे येतात आणि अपयशाची नोंद ठेवण्याची व्यवस्था नसते. अशी नोंद ठेवण्याची व्यवस्था म्हणजेच विज्ञान, अशी व्याख्या येथे करता येईल.

'कृष्णविवर' या कथेचे परीक्षण आणि ही चाचणी यांतील साम्यही लक्षात घेण्याजोगे आहे. पहिल्या ठिकाणी लेखकाचे नाव झाकले होते, दुसऱ्या ठिकाणी मुलांची नावे. स्वतःच्या कथेला लावलेलाच नियम नारळीकरांनी इतरांच्या दाव्याला लावला. ज्योतिषाला त्यांनी चाचणीआधीच नाकारले नाही. यशस्वी होण्याची पूर्ण संधी देऊन मगच निष्कर्ष काढला.

५. चाचणीच्या मर्यादा व समाजाचा प्रतिसाद

या चाचणीवर काही आक्षेप घेता येतात. सहभाग ऐच्छिक होता. काही ज्योतिष-वर्तुळांतून चाचणीवर बहिष्काराची भाषा झाली. तयारी दर्शवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी उत्तरेच पाठवली नाहीत. त्यामुळे 'खरे जाणकार सहभागी झाले नाहीत' असे म्हणण्यास जागा उरली. शिवाय चाचणी एका विशिष्ट दाव्यापुरती होती. ज्योतिषाचे सर्व दावे तिने खोटे ठरवले असे म्हणणे शास्त्रीय होणार नाही, आणि चाचणी करणाऱ्यांचे गणितही तसे सांगत नाही. परंतु पुढील चाचणी कोणती असावी, ती कशी घ्यावी आणि किती यश मिळाल्यास दावा मान्य करावा हे सुचवण्याची जबाबदारी त्यानंतर दावा करणाऱ्यांवर येते. अशी प्रतिचाचणी पुढे मांडली गेली असती तर तो विज्ञानाचाच विस्तार ठरला असता.

अधिक गंभीर मर्यादा वेगळी आहे. मुलीचे लग्न लांबलेला बाप किंवा दोन वर्षे पीक बुडालेला शेतकरी ज्योतिषाकडे जातो, तेव्हा त्याला केवळ माहिती हवी असते असे नाही. त्याला धीर हवा असतो, निर्णयाची जबाबदारी वाटून घेणारे कोणीतरी हवे असते. ज्योतिषाची ही भूमिका कोणत्याही सांख्यिकी चाचणीने तपासली जात नाही. चाचणी दावा फेटाळू शकते. त्या दाव्याने भरून काढलेली पोकळी मात्र तशीच राहते. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ५१क मधील (ज) या कर्तव्यात वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या जोडीला मानवतावाद हा शब्द आहे, हे या संदर्भात विसरता येत नाही. दाभोलकरांच्या कार्यपद्धतीत संवादाला जे स्थान होते त्याचे महत्त्व येथे जाणवते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. प्रश्न विचारण्याची किंमत किती मोठी असू शकते हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले.

शिक्षणक्षेत्राचा प्रतिसाद कसा होता, हाही प्रश्न विचारला पाहिजे. निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर बारा वर्षांनी, २०२१ मध्ये, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ज्योतिष विषयात एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला. ज्योतिषाचा इतिहास, त्यातील गणित, त्याचे सांस्कृतिक स्थान यांचा अभ्यास विद्यापीठात होण्यास हरकत असू नये. फलिताच्या दाव्यांचे अध्यापन करताना मात्र त्या दाव्यांच्या झालेल्या परीक्षांचेही अध्यापन होणे, ही किमान शैक्षणिक अपेक्षा ठरते.

समारोप

२० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. त्यानंतर महाविद्यालयांतून त्यांच्यावर व्याख्याने झाली, भित्तिपत्रके निघाली, विज्ञानदिनी त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. हा आदर उचितच आहे. पण 'नारळीकरांनी सांगितले आहे' एवढे म्हणून ज्योतिष नाकारणे आणि 'गुरुजींनी सांगितले आहे' म्हणून ते स्वीकारणे, यांत पद्धतीच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही. ज्यांनी आपली पहिली कथा नाव झाकून परीक्षेला बसवली त्यांच्याच नावाचे आप्तवाक्य होणे, हा त्यांच्या कार्याचा विपर्यास ठरेल.

त्यांच्या वारशाचा उपयोग महाविद्यालयात अगदी साध्या रीतीने करता येईल. उत्तरपत्रिकेवरील विद्यार्थ्याचे नाव झाकणे आणि शोधनिबंध लेखकाचे नाव काढून परीक्षकाकडे पाठवणे या प्रथा आपल्या परिसरात पूर्वीपासून आहेत. त्यांचा अर्थ मात्र क्वचितच समजावून सांगितला जातो. प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने आपले गृहीतक लिहितानाच ते कशाने चुकीचे ठरेल हेही लिहावे आणि तसे ते चुकीचे ठरले तर त्याचे गुण कमी होऊ नयेत, एवढा बदल कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांत शक्य आहे. आज अनेक प्रकल्पांत निष्कर्ष आधी ठरतो आणि प्रश्नावली नंतर तयार होते. गृहीतक 'सिद्ध झाले' या वाक्याने बहुतेक प्रबंधिका संपतात. गृहीतक फोल ठरल्याचे निर्भयपणे लिहिणारी प्रबंधिका ज्या दिवशी आपल्या ग्रंथालयात सन्मानाने ठेवली जाईल, त्या दिवशी विज्ञानाचा समाजातील खरा उपयोग सुरू झाला असे मानता येईल.